डोक्यावरची गिरकी, मनगटावरचा भार

डेन्मार्कमधील तिशीतला एक ब्रेकडान्सर टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. टाळूवर मोठे टेंगूळ आले होते, दुखत होते आणि तिथले केसही गेले होते. एकोणीस वर्षे तो नाचत होता. आठवड्यातून पाच वेळा दीड-दीड तास सराव, आणि त्यातली दोन ते सात मिनिटे डोके जमिनीला टेकवून, पाय वर करून भिंगरीसारखे फिरणे. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी एमआरआय केला तेव्हा त्वचेखालचा थर जाड झालेला दिसलाच, पण त्याखालचे कवटीचे हाडही जाडावले होते. शस्त्रक्रिया करून गाठ काढली, हाडही थोडे तासले. २०२४ मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली आणि जगभर तिच्या बातम्या झाल्या.

यात शरीराने काही अजब केले नव्हते. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तोच हा प्रकार. सतत घर्षण आणि दाब आला की शरीर त्या जागी थर चढवते. शंभरावर नर्तकांच्या एका पाहणीत सुमारे ६० टक्क्यांना डोक्याच्या त्वचेचा काही ना काही त्रास आढळला; कुणाचे केस गेले, कुणाला सूज, कुणाला टेंगूळ. नर्तकांना तो ठाऊक असतो. त्याला त्यांचे स्वतःचे नावही आहे.

पण डोक्यावरची गिरकी डोळ्यांत भरते म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. खरा हिशोब मनगट चुकते करते. जर्मनीतील १४४ ब्रेकडान्सरांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दहापैकी जवळपास सात जणांच्या मनगटाला कधी ना कधी दुखापत झाली होती. त्याखालोखाल बोटे आणि गुडघे, मग खांदे आणि कंबर. कारण साधे आहे. मनगटाचा सांधा आठ छोट्या हाडांचा आहे आणि तो वस्तू धरायला, वळवायला घडलेला आहे. या नाचात तो मागे काटकोनात वाकवून त्यावर सबंध शरीर तोलले जाते. त्याच तळहातावर उडी मारली जाते, गिरकीही घेतली जाते. पायाच्या घोट्याचे काम आपण मनगटाला देतो.

मग नर्तक थांबत का नाही? त्यासाठी हा नाच कुठून आला ते पाहायला हवे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीसाठी रेकॉर्डी वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. गाणे थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, लोकांना सर्वाधिक आवडतो हे हर्कच्या ध्यानात आले होते. एकच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. डीजे, रॅप, भिंतीवरची ग्राफिटी आणि हा नाच असे हिप-हॉपचे चार खांब मानले जातात. ‘ब्रेकडान्स’ हे नाव नंतर प्रसारमाध्यमांनी रूढ केले. नाचणारे आजही ‘ब्रेकिंग’ म्हणतात.

सरकारने जवळपास वाऱ्यावर सोडलेल्या त्या वस्तीत ना जिम होती ना गाद्या. पुठ्ठा नाही तर लिनोलियमचा तुकडा अंथरायचा, भोवती गोल करून उभे राहायचे आणि एकेकाने आत उतरायचे. या गोलाला ‘सायफर’ म्हणतात. तिथे पैसा, शिक्षण, आडनाव यांचे काही चालत नाही, नाचून मिळवलेले नाव तेवढे चालते. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणे तिथे नामुष्कीचे मानतात. प्रत्येकाला स्वतःची, आधी कुणी न केलेली चाल लागते. न केलेली म्हणजे अनेकदा अधिक धोक्याची. दुखापतीचे मूळ नर्तकाच्या बेफिकिरीत शोधण्यापेक्षा इथे शोधावे.

स्पर्धेचा साचाही शरीराला सोपा नाही. जिम्नॅस्ट महिनोन्महिने घोटलेला क्रम सादर करतो. ब्रेकरला डीजे कोणता ताल लावणार हे ठाऊक नसते. समोरच्याने काय केले ते पाहून त्याला उत्तर द्यायचे असते, आणि आपली पाळी येईपर्यंत उभे राहून अंग गार पडते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हाही हीच रीत होती. जपानच्या अमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्णपदके जिंकली. लॉस एंजेलिसच्या पुढील ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार नाही. वरच्या पातळीवर फिजिओथेरपिस्ट आणि ताकदीचे शास्त्रशुद्ध व्यायाम आले खरे. गल्लीत शिकणाऱ्या मुलापर्यंत ते पोचलेले नाहीत.

ती मुले आपल्याकडेही आहेत. धारावीत ‘स्लमगॉड्स’ या गटाने वस्तीतल्या मुलांना फुकट ब्रेकिंग शिकवले. मल्लखांबाला निदान उस्तादाची नजर असते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून फरशीवर सराव करणाऱ्या मुलावर कुणाचीच नसते. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते. हाड तिथूनच लांब होते. हातांवर रोज भार घेणाऱ्या लहान जिम्नॅस्टमध्ये ही पट्टी दुखावते हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे. दुर्लक्ष झाले तर हाडाची वाढ खुंटू शकते. ब्रेकिंग करणाऱ्या मुलाचे मनगट दोन आठवडे दुखत राहिले, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून पट्टा बांधून सराव चालू ठेवणे बरोबर नाही.

‘नाच बंद करा’ एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरकडे नर्तक पुन्हा जात नाही. कोणती चाल करताना दुखते ते करून दाखव, असे म्हटले तर उपाय सापडण्याची शक्यता वाढते. हाताचा कोन बदलता येतो, मुठीवर भार घेता येतो, काही आठवडे पायांच्या चालींवर भर देता येतो. खांदा आणि पोट-पाठीचे स्नायू बळकट केले की मनगटावरचा भार हलका होतो. गोलात उतरण्याआधी दहा मिनिटे अंग गरम करणे तर बिनपैशाचे आहे.

मानेच्या बाबतीत मात्र सवलत नाही. डोक्यावर फिरताना सबंध वजन मानेच्या मणक्यांवर येते, आणि तोल जाताना मान वाकडी झाली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मानेचे स्नायू तयार नसलेल्या नवशिक्याने ही गिरकी पहिल्या महिन्यात करूच नये. गिरकीनंतर हातांना मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली, पकड सैल वाटली किंवा चालताना पाय जड झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.