लाखाचा शेअर आणि त्याचे तुकडे

१३ जून २०२३ रोजी एमआरएफच्या एका शेअरचा भाव एक लाख रुपयांवर गेला. भारतीय शेअर बाजारात हे प्रथमच घडत होते. लाखाचा शेअर म्हणजे बाजारातली सर्वांत मोठी कंपनी, असा समज सहज होतो. पण एमआरएफहून कितीतरी पट मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी दोन-तीन हजारांत मिळत होते.

याचे कारण शेअरांच्या संख्येत आहे. १९४६ साली मद्रासमध्ये के. एम. माम्मेन माप्पिल्लै यांनी खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या या टायर कंपनीचे शेअर आज जेमतेम ४२ लाख ४१ हजार आहेत. दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणजे भागभांडवल सव्वाचार कोटींच्या आसपास. कंपनीने १९७० आणि १९७५ साली बोनस शेअर दिले, पुढे तेही नाहीत. शेअरचे विभाजन तर कधीच केले नाही.

विभाजनात दर्शनी मूल्य कमी होते आणि त्या प्रमाणात शेअर वाढतात. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही, तसे भागधारकाची मालमत्ताही वाढत नाही. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहते. कंपनी आपल्या गंगाजळीतली रक्कम भागभांडवलात वळवते. हिशेबाच्या वहीत फरक पडतो, खिशात नाही.

पुण्याच्या बजाज फायनान्सने दोन्ही वाटा एकत्र वापरल्या. २०१६ साली १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा झाला आणि एकास एक बोनस मिळाला. एकाचे दहा झाले. २०२५ साली २ रुपयांचा १ रुपयाचा झाला आणि एकास चार बोनस मिळाला; पुन्हा दहापट. २०१६ पूर्वीच्या एका शेअरचे आज शंभर झाले आहेत. या काळात गुंतवणूकदाराला जे मिळाले ते कंपनीच्या नफ्याने दिले. तुकड्यांनी फक्त दार रुंद केले.

हे दार आपल्याकडे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत दलालांमार्फत शेअरचा अंशही घेता येतो. भारतात किमान एक अख्खा शेअर घ्यावा लागतो. महिन्याला पाच हजार बाजूला टाकणाऱ्याला लाखाचा शेअर थेट घेता येत नाही, त्याला म्युच्युअल फंडाच्या वाटेनेच जावे लागते.

मग एमआरएफ विभाजन करील का? कायद्याची अडचण नाही: संचालक मंडळाचा प्रस्ताव आणि भागधारकांचा साधा ठराव पुरतो. पण दर्शनी मूल्य १ रुपयाखाली नेता येत नाही, म्हणून १० रुपयांच्या शेअरचे फार तर दहा तुकडे होतील. लाखाचा भाव दहा हजारांवर येईल. त्याहून खाली आणायचा तर बोनस हवा. आयशर मोटर्सने २०२० साली हीच दहापट फोड केली, तेव्हा तिचा भाव वीस हजारांच्या पुढे होता. एमआरएफने तो टप्पा केव्हाच मागे टाकला, तरी मौन सोडले नाही. भाव चढला म्हणून विभाजन होईल, हा तर्क इथे वारंवार खोटा ठरला आहे. नवे भांडवल उभारण्याची गरज किंवा व्यवस्थापनाचा बदललेला विचार, एवढीच कारणे उरतात.

म्हणून विभाजनाच्या आशेवर शेअर घेणाऱ्याने आधी नफा, कर्ज आणि रबराचा भाव पाहावा. तुकडे झाले तर सोय होईल. किंमत ठरवणारे पीठ तेच असेल.