मधल्या फळीतला माणूस

वाचकहो, गावात फुटबॉलचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी चर्चा कुणाची होते? गोल करणाऱ्याची. आणि हार झाली असेल तर गोलरक्षकाची. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला शिव्या. मधे चार-पाच जण दीड तास धावत होते, त्यांची आठवण फारशी कुणी काढीत नाही. आज आपण या मधल्या माणसांविषयी विचार करणार आहोत. त्यातही अशा दोघांविषयी, की ज्यांच्या घरांना परिस्थितीने आपला मुलूख सोडायला लावला. एक दूरच्या स्वित्झर्लंडचा, दुसरा आपल्या मुंबईचा.

आधी मधली फळी म्हणजे काय, ते पाहू. फुटबॉलच्या संघात अकरा जण असतात. एक गोलरक्षक. त्याच्या पुढे बचाव करणारे चार-पाच. सगळ्यांत पुढे प्रतिपक्षाच्या गोलवर चालून जाणारे आघाडीचे दोन-तीन. या दोहोंच्या मधे जे उरतात, ती मधली फळी. मिडफिल्डर हा इंग्रजी शब्दही आता आपल्या मुलांच्या तोंडी रुळला आहे. मागच्याकडून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. आणि चेंडू हातचा गेला की सर्वांच्या आधी मागे धावायचे, हे याचे काम. एका सामन्यात असा खेळाडू दहा ते बारा किलोमीटर धावतो. म्हणजे भिवंडीहून कल्याणपर्यंतची वाट म्हणा ना! आणि तीही सरळ नव्हे. वळत, थांबत, धक्के खात.

भिवंडीच्या माणसाला हे समजावून द्यायला मैदानावर जायलाच हवे असे नाही. मागावर धोटा काय करतो? या काठाकडून त्या काठाकडे जातो, पुन्हा येतो. कापड विकायला गेले की लोक रंग पाहतात, काठ पाहतात. धोट्याला कुणी विचारीत नाही. पण तो थांबला की कापड थांबले. मधल्या फळीचे तसेच आहे.

पण धावणे हा या कामाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग आहे पाहण्याचा. आघाडीच्या खेळाडूला बहुधा समोर पाहिले की भागते. मधल्या माणसाच्या चारी बाजूंना माणसे असतात. चेंडू पायाशी आल्यावर तो पाहू लागला, तर उशीर झालाच म्हणून समजा. चेंडू येण्याआधीच त्याने मान वळवून मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळा आहे, हे टिपून ठेवायला हवे. नॉर्वेतील गायर योर्डेट या अभ्यासकाने इंग्लंडमधील खेळाडूंचे चित्रपट बारकाईने तपासले. जे चेंडू मिळण्यापूर्वी अधिक वेळा मान वळवून पाहतात, त्यांचे पास अधिक वेळा नेमक्या माणसाकडे जातात, असे त्याला आढळले. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे आपल्याला यायचे आहे.

आता आधी दूरचे उदाहरण घेऊ, मग घरचे.

युरोपात कोसोव्हो नावाचा प्रदेश आहे. तिथली बहुसंख्य वस्ती अल्बेनियन भाषा बोलणारी. पूर्वी तो युगोस्लाव्हिया देशात होता. तिथे 1986 मध्ये सरकारविरुद्ध निदर्शने झाली, आणि त्यांत भाग घेतल्याबद्दल रगीप जाका नावाच्या तरुण विद्यार्थ्याला कैद झाली. साडेतीन वर्षे तो तुरुंगात होता. सुटल्यावर 1990 मध्ये तो बायकोसह स्वित्झर्लंडमधील बासल शहरी आला. तिथे त्यांना दोन मुलगे झाले. धाकटा ग्रानित, जन्म 1992 चा.

ही मुले शहरातील कॉन्कॉर्डिया नावाच्या लहानशा क्लबात खेळू लागली आणि तिथून एफसी बासल या मोठ्या क्लबात गेली. 2009 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा जागतिक करंडक स्वित्झर्लंडने जिंकला, त्या संघात ग्रानित होता. पुढे तो धंदेवाईक खेळाडू झाला, म्हणजे खेळ हीच त्याची रोजीरोटी झाली. जर्मनीतून तो 2016 मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबात गेला. तिथे तो कर्णधार झाला. पण 2019 च्या ऑक्टोबरात स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तो चिडून मैदानाबाहेर गेला आणि कर्णधारपद गेले. दुसरा कुणी क्लब सोडून गेला असता. हा राहिला, आणि पुन्हा संघाचा आधार झाला. 2023 मध्ये तो जर्मनीतील लेव्हरकूझेनला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकली. स्वित्झर्लंडच्या पुरुष संघाकडून सर्वांत जास्त सामने खेळण्याचा विक्रम आज त्याच्या नावावर आहे.

थोरला भाऊ तौलान्त हाही मधल्या फळीतला. पण त्याने आईबापांच्या मुळाकडे पाहिले आणि अल्बेनियाकडून खेळणे पसंत केले. 2016 च्या युरोपीय स्पर्धेत, 11 जूनला, फ्रान्समधील लांस गावी हे दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले. त्यांची आई अर्धा एका देशाचा आणि अर्धा दुसऱ्या देशाचा, असा टी-शर्ट घालून प्रेक्षकांत बसली होती. स्वित्झर्लंडने एक गोलाने सामना जिंकला. आईने कुणाच्या बाजूने टाळी वाजवायची, याचे उत्तर तिच्या कपड्यानेच दिले होते!

आता तुम्ही म्हणाल, ही परदेशची कथा झाली. तिचे आम्हाला काय? तर आता घरी येऊ.

1977 मध्ये कुवेत येथे, भारतीय आईबापांच्या पोटी, खालिद जमील यांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेलेली आपल्याकडची हजारो घरे आहेत. त्यांतलेच हे एक. 1990 च्या 2 ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. त्या वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांतून मायदेशी आणावे लागले. युद्धाच्या या धामधुमीने जमील कुटुंबाचेही कुवेतमधले घर सुटले आणि ते मुंबईत स्थिरावले. खालिद तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. हे वय मोठे अवघड. शाळा बदलली, सोबती बदलले, बोलणे बदलले. देश आपलाच, पण ओळखीचे कुणी नाही!

ज्यांचे वाडवडील बाहेरून येऊन इथे स्थायिक झाले, त्यांना हे निराळे सांगायला नको. 1857 नंतर उत्तरेकडचे विणकर भिवंडीत आले, तेलंगणातून पद्मशाली आले. आजही मागावर राबणारी माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात. घरी उर्दू बोलणारा, तेलुगू बोलणारा आणि आगरी बोलणारा, अशी तीन पोरे एका गल्लीत सहज सापडतात. त्यांना एकत्र आणायला व्याकरण उपयोगी पडत नाही, चेंडू पडतो. ‘दे इकडे’ एवढे दोन शब्द आले की खेळ सुरू!

खालिद मुंबईत खेळू लागला आणि मधल्या फळीत नावारूपाला आला. त्या काळी आपल्याकडे फुटबॉलवर जगायचे, तर कंपन्यांचे संघ हाच मुख्य आधार होता. तो आधी महिंद्र युनायटेडकडे, मग एअर इंडियाच्या संघात, आणि 2002 पासून पुन्हा महिंद्रकडे असे खेळला. भारताच्या संघातही त्याची निवड झाली. पण मधल्या फळीतल्या माणसाची झीज लवकर होते. दुखापतींनी त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. 2007 मध्ये तो मुंबई एफसी या नव्या क्लबात दाखल झाला आणि दोनच वर्षांनी, बत्तिसाव्या वर्षी, त्याचे खेळणे संपले.

शिक्षक बंधूंनो, नेमके इथे आपले पालक आपल्याला प्रश्न विचारतात. ‘मास्तर, पोराने खेळून काय होणार? तिशीत पाय गेले, मग खायचे काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो खरा आहे. जमील ज्या तीन संघांतून खेळले, त्यांचे पुढे काय झाले पाहा. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ 2013 मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. मुंबई एफसीची 2017 मध्ये लीगमधून घसरण झाली आणि तोही संघ मिटला. ज्या दारांनी एक मुलगा आत आला, ती तिन्ही दारे त्याच्या देखत बंद झाली. खेळाडूच्या भाकरीची शाश्वती किती थोडी, हे यावरून दिसते.

मग उरले काय? उरली ती नजर. 2009 मध्ये जमील त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि मोजक्या पैशांत सात वर्षे त्यांनी तो संघ राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून धरला. 2016 मध्ये तिथले काम सुटले. तेव्हा ते मिझोरामच्या डोंगरात, ऐझॉल या गावच्या संघाकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी लीगमधून घसरलेला. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणूनच त्याला पुन्हा जागा मिळाली होती. जमील यांच्याबरोबर त्या संघात मुंबईचा जयेश राणे हा मधल्या फळीतला खेळाडूही होता. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, बंगळूरचा श्रीमंत संघ, असे बलाढ्य प्रतिस्पर्धी. 22 एप्रिल 2017 ला ऐझॉलने मोहन बागानला एक गोलाने हरवले. 30 एप्रिलला शिलाँग येथे शेवटचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि 37 गुणांनी ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागानचे गुण 36. ईशान्य भारतातील एखाद्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकल्याची ही पहिलीच वेळ!

ही काही जादू नव्हे. भांडवल नाही, मोठे नाव नाही; मग कोणत्या खेळाडूला कुठे उभे केले असता त्याचे बळ दिसेल आणि उणीव झाकली जाईल, एवढेच हाती राहते. मैदानाच्या मधोमध उभे राहून वर्षानुवर्षे चारी दिशांना पाहिलेल्या माणसाला हे हिशेब जमतात.

2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगाम अर्धा झाल्यावर संघ जमील यांच्या हाती दिला. त्यांनी तो उपांत्य फेरीपर्यंत नेला. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमध्ये कायम प्रशिक्षक म्हणून नेमले गेलेले ते पहिले भारतीय ठरले. तोवर ती जागा परदेशी माणसाचीच, असे सगळे धरून चालले होते. पुढे जमशेदपूरला काम करून 2025 च्या ऑगस्टमध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच महिन्यात ताजिकिस्तानला त्याच्याच घरी हरवले, सप्टेंबरात ओमानला पेनल्टी किकवर नमवून मध्य आशियातील स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि आशियाई करंडकाची वाट बंद झाली. हेही सांगितले पाहिजे. यशाचेच पाढे वाचले, तर मुले आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

या दोन कथांतून एक गोष्ट मला ठळक दिसते. घर सुटले म्हणून कुणी खेळाडू होत नाही. घर सुटलेली लाखो मुले आहेत. त्यांतली बहुतेक कुणाच्या नजरेसही पडत नाहीत. बासलमध्ये गल्लीजवळ एक लहान क्लब होता, मुंबईत कंपन्यांचे संघ होते. कुणी तरी दार उघडे ठेवले होते. मुलाची मेहनत त्यानंतरची. आणि मेहनतीतही पायांचे दान उसने, ते परत द्यावेच लागते. डोळ्यांनी जे शिकले, ते जन्मभर पुरते. म्हणून मुलाला खेळू द्या आणि शाळाही सोडू देऊ नका. दोन्ही ठिकाणी तो पाहायलाच शिकतो आहे.

कंपन्यांचे संघ आता आपल्या हाती नाहीत. शाळेचे मैदान मात्र आहे. तिथे एक साधा प्रयोग करून पाहा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोन गट पाडून मुलांना खेळू द्या. दर दहा मिनिटांनी जागा बदला, म्हणजे मागचा मधे येईल आणि मधला पुढे जाईल. एकच नियम सांगा, की चेंडू येण्याआधी दोनदा मान वळवून मागे पाहायचे. गोल मोजू नका. तुम्ही फक्त माना पाहा. दोन-चार आठवड्यांत एखादा मुलगा किंवा मुलगी अशी दिसेल, की जिला न सांगता मागचे दिसते. कदाचित ते पोर वर्गात नवे असेल, मागच्या बाकावर गप्प बसणारे असेल, त्याची मराठी अजून अडखळत असेल. त्याला मधे उभे करा. गाव कुठले, हे मागाहून विचारा.