गुरूवर ऋतू असतात काय?

उन्हाळा आणि हिवाळा का होतात, हे आपण शाळेतच शिकतो. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षातून आळीपाळीने एकेक गोलार्ध सूर्याकडे झुकतो. गुरूचा आस मात्र जेमतेम ३ अंश कललेला आहे. मग तेथे ऋतू कोठून असणार?

गुरूवर पोचणारे ऊन आपल्याकडील उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढेच असते. ज्या थरात वायूचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरील हवेइतका असतो, तेथे तापमान उणे १०७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. तरीही गुरू केवळ उसन्या उष्णतेवर जगत नाही. जन्मकाळी पोटात साठलेली उष्णता तो अजून बाहेर टाकीत आहे. सूर्याकडून तो जेवढी शोषतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता तो बाहेर टाकतो.

दुर्बिणीतून गुरूवर विषुववृत्ताला समांतर असे फिके व तपकिरी पट्टे दिसतात. ढगांच्या थरात फिक्या पट्ट्यांतील वायू वर चढून थंड होतो आणि अमोनियाचे दाट ढग बनतात. तपकिरी पट्ट्यांत तो खाली उतरतो, तापतो व ढग विरळ होतात. म्हणजे हे पट्टे ग्रहाच्या तापमानाचा एक ढोबळ नकाशाच होत.

हा नकाशा स्थिर आहे काय? ते पाहण्यासाठी ग्लेन ऑर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासून चाळीस वर्षे गुरूचे अवरक्त किरण मोजले. हवाई बेटे व चिली येथील मोठ्या दुर्बिणी त्यांनी वापरल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. तापमान ठराविक कालावधीने वरखाली होते, पण या आवर्तनांचा ऋतूंशी संबंध जुळत नाही. शिवाय उत्तरेकडील काही अक्षांशांवर तापमान वाढले, की दक्षिणेकडील त्याच अक्षांशांवर ते उतरते; जणू तराजूची दोन पारडीच! हजारो किलोमीटरांवरील हे दोन प्रदेश एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

गुरूचे एक वर्ष आपल्या जवळजवळ बारा वर्षांचे असते. एवढ्या संथ ग्रहाची आवर्तने दोन-चार वर्षांच्या नोंदींत सापडली नसती. नव्या यंत्रांइतकीच चिकाटीने ठेवलेली नोंदही विज्ञानाला पुढे नेते, हे प्रयोगवहीला कंटाळणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.