पिकअप गाडीत इन्व्हर्टर बसवताना : आधी हिशेब, मग वायर



धानाची चुराई लागली की दिवस पुरत नाही. बांधीवर अंधार पडतो, पोती भरायची असतात, इलेक्ट्रॉनिक काटा लावायचा असतो, फवारणीच्या पंपाची बॅटरी उतरलेली असते. जवळ विजेचा खांब नसतो, पण पिकअप गाडी मात्र उभी असते. मग मनात येते, की गाडीच्या बॅटरीवर घरच्यासारखी वीज का मिळू नये? आंधळगाव-मोहाडी भागात कोशाचे कापड घेऊन बाजाराला जाणाऱ्या विणकरालाही दुकान मांडल्यावर दिवा लागतो. त्याचाही प्रश्न हाच.

गाडीत इन्व्हर्टर बसवता येतो आणि चांगला चालतो. परंतु तो चुकीचा बसवला तर दोन प्रकारचे नुकसान होते. एक, रात्री बांधीवर गाडी सुरूच होत नाही. दुसरे त्याहून वाईट. तापलेली वायर पेट घेते आणि मागे हौद्यात तणीस भरलेले असते! म्हणून ही पत्रिका नीट वाचा आणि वायरमनलाही दाखवा.

इन्व्हर्टर काय करतो?

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, तो फक्त विजेचे रूप बदलतो. पिकअप किंवा छोटा हत्ती यांसारख्या गाडीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. (मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. त्याला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर लावायचा नाही.) या १२ व्होल्टचे इन्व्हर्टर २३० व्होल्ट करून देतो.

आता पाण्याचे उदाहरण घ्या. उंचावरून पडणारे थोडे पाणी जेवढे काम करते, तेवढेच काम सखल पाटाच्या पाण्याकडून करून घ्यायचे तर पाणी पुष्कळ सोडावे लागते आणि पाटही रुंद लागतो. विजेचे तसेच आहे. ६०० वॅटचे काम घरच्या २३० व्होल्टवर सुमारे अडीच अँपिअरमध्ये होते. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायचे तर, वाया जाणारी वीज धरून, सुमारे ६० अँपिअर ओढावे लागतात. सोपा ठोकताळा असा : वॅटच्या आकड्याला १० ने भागा, म्हणजे बॅटरीतून किती अँपिअर जाणार ते कळते.

सगळी मेख इथेच आहे. लोक घरच्या फिटिंगची वायर उचलतात आणि बॅटरीला लावतात. समजा, घरची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली. बॅटरीपासून इन्व्हर्टर दोन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर वायर झाली. तिच्यातून ६० अँपिअर गेले, तर त्या वायरीतच सुमारे १०० वॅटची उष्णता तयार होते. प्लॅस्टिक वितळायला आणखी काय पाहिजे?

आधी हिशेब करा

कागद घ्या आणि एका वेळी काय काय चालवायचे ते लिहा. २० वॅटचे दोन एलईडी दिवे, वजनकाटा, फवारणी पंपाचा चार्जर, मोबाईल... सगळे मिळून बहुधा १०० वॅटच्या आसपास जाते. एवढ्यासाठी १००० वॅटचा इन्व्हर्टर घेऊन पैसे घालवू नका. ३०० वॅटचा पुरतो आणि त्यातही जागा उरते.

आता बॅटरीचा हिशेब. समजा, गाडीची बॅटरी ७० अँपिअर-अवरची आहे. १०० वॅटला १० अँपिअर, म्हणजे दोन तासांत २० अँपिअर-अवर संपले. इंजिन बंद ठेवून इतकेच वापरा, याच्यापुढे जाऊ नका. गाडीची बॅटरी ही स्टार्टरला क्षणभर जोराचा करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिला वारंवार तळापर्यंत उतरवले तर ती लवकर निकामी होते. बॅटरी जुनी असेल तर वेळ आणखी कमी धरा. रोजच जास्त वेळ वापर असेल, तर खोल उतरणे सोसणारी वेगळी बॅटरी बसवणे बरे.

बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होतात, असे सांगून दुकानदार निर्धास्त करतो. पण तोवर बॅटरी पार उतरलेली असते, स्टार्टर फिरत नाही. म्हणून एक लहान व्होल्टमीटर लावून घ्या. आकडा १२ च्या खाली गेला, की लोड बंद करा किंवा इंजिन सुरू करा.

इंजिन सुरू ठेवायचे तर गाडी उघड्यावर उभी करा. बंद गोदामात किंवा गोठ्यात धुराचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही.

कोणती वायर, कोणता फ्यूज?

वायर तांब्याची, अनेक बारीक तारांची, लवचिक घ्यावी. लांबी एका बाजूने दोन मीटरपर्यंत असेल तर पुढील मापे धरावीत. हिशेब इन्व्हर्टरवर लिहिलेल्या क्षमतेचा करायचा, कारण आज दिवा लावणारा उद्या त्यालाच इस्त्री लावतो.

३०० वॅट : वायर १० चौरस मिलिमीटर, फ्यूज ४० अँपिअर.
६०० वॅट : वायर २५ चौरस मिलिमीटर, फ्यूज ८० अँपिअर.

इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत याहून जाड वायर सांगितली असेल तर तीच घ्या. लांबी वाढली तर जाडीही वाढवा.

फ्यूज पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीपासून एका वितीच्या आत असावा. तो इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणी राखणदार राहत नाही. आणि फ्यूज गेला म्हणून तिथे तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला हाकलून देणे होय.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान इन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यावर साधारण १०० ते १२० वॅटच घ्यावे. पंपाचा चार्जर, मोबाईल यांना ते पुरेसे आहे.

बसवण्याची रीत

१. जागा : केबिनमध्ये, सीटच्या मागे किंवा खाली, कोरड्या ठिकाणी. इंजिनजवळ उष्णता असते, मागच्या हौद्यात पाणी, धूळ आणि तणीस. दोन्ही जागा टाळा. इन्व्हर्टर पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवा आणि सभोवती चार बोटे जागा हवेसाठी मोकळी ठेवा. वर गोणपाट, स्वेटर टाकू नका.

२. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढा. मग पाना चुकून पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा.

३. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. गाडी खड्ड्यातून धावते, वायर घासते आणि सहा महिन्यांनी तांबे उघडे पडते. दर वितीवर पट्टीने बांधा. सायलेन्सरपासून दूर न्या.

४. टोकांना तांब्याचे लग दाबून बसवा. नुसती तार पिळून नटाखाली दाबू नका. सैल सांधा तापतो.

५. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोनदा तपासा. उलट जोडले तर इन्व्हर्टर जागीच जातो. नव्या गाड्यांत, विशेषतः २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असू शकतो. तसा असेल तर इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर सेन्सरला डावलून बॅटरीच्या टोकाला न देता गाडीच्या अर्थिंगच्या बोल्टला द्यावी. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावे.

६. इन्व्हर्टरचे बटण बंद ठेवून फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. तेव्हा बारीक ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो. म्हणून जागा हवेशीर ठेवा, बिडी-काडी दूर.

७. पूर्ण लोड लावून अर्धा तास चालवा. मग सगळे बंद करून सांधे हाताने चाचपा. कोमट असले तर चालेल, हात ठेववत नसेल तर सांधा सैल आहे किंवा वायर बारीक आहे.

खरेदीत ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेला इन्व्हर्टर मागा. तो महाग पडतो. पण साध्या इन्व्हर्टरवर पंखा, मोटर गुणगुणतात, तापतात आणि काही चार्जर, काटे बिघडतात.

बोडीवरची मोटर चालेल का?

हा प्रश्न हमखास येतो. सरळ उत्तर द्यायचे तर, नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटर प्रत्यक्षात सुमारे १००० वॅट ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. चालली जरी, तरी १०० अँपिअरच्या ओढीने ७० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या तासाच्या आतच बसेल. ओलितासाठी सौर पंपाचा विचार करा. केंद्राची पीएम-कुसुम योजना त्यासाठी २०१९ साली सुरू झाली आहे. गाडीची बॅटरी हा त्याचा मार्ग नव्हे.

जिवाची काळजी

बॅटरीच्या १२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण इन्व्हर्टरमधून निघणारे २३० व्होल्ट घरच्या विजेइतकेच जीवघेणे आहेत, बरं का. पाणी साचलेल्या बांधीत लांब वायर ओढून दिवा नेऊ नका. तिथे १२ व्होल्टचा एलईडी दिवा फ्यूज लावून थेट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टर लागतच नाही. आणि घरची लाइन गेली म्हणून गाडीचा इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला कधीही जोडू नका. ती वीज उलटी तारेवर जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• वॅट भागिले १० = बॅटरीतून जाणारे अँपिअर.
• वायर जाड आणि आखूड, फ्यूज बॅटरीजवळ.
• इंजिन बंद असताना १०० वॅट, दोन तास. पुढे नाही.
• इन्व्हर्टर कोरड्या जागी, तणसापासून दूर.
• काम संपले की बटण बंद. रिकामा इन्व्हर्टरही रात्रभर बॅटरी खात राहतो.

चुराईच्या दिवसांपूर्वी एक सकाळ यासाठी काढा. सांधे आवळा, वायरीचे आवरण पाहा, फ्यूज तपासा. हौदाभर धान आणि घरचा माणूस, दोघेही त्याच गाडीतून घरी यायचे आहेत.