तिघे उरले, तरी डाव बाकी!

कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केम गावी कबड्डीचा डाव रंगला आहे, अशी कल्पना करा. सातांपैकी दोन गडी बाद! आता कसे निभावणार? बर्फावरच्या हॉकीत पाचांसमोर तिघेच उरले, की गोलाची धास्ती फार वाढते. आपली कबड्डी मात्र दुबळ्याची कड घेते. सहापेक्षा कमी गडी उरले, की चढाई करणाऱ्याचा बोनस गुण बंद. तीन किंवा त्याहून कमी उरले असताना पकड साधली, तर एकाऐवजी दोन गुण, शिवाय बाद झालेला एक गडी परत! मात्र सारेच बाद झाले, तर लोण चढते आणि प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात. म्हणून, वाचकहो, उरलेल्या तिघांनी कोपरा शोधू नये. हात धरून साखळी करावी.