गिरकीतली प्रार्थना

दुबईची सहल करून आलेल्या मंडळींना एक दृश्य हमखास आठवतं. वाळवंटातली सफारी संपलेली असते, गालिच्यांवर जेवणाची ताटं येऊ लागतात आणि मधल्या मंचावर एक जण घेरदार रंगीबेरंगी झगा घालून गरगर फिरू लागतो. झग्यातले दिवे लुकलुकतात, घेर डोक्यावर चढतो, मुलं टाळ्या पिटतात. ‘हे सुफी नृत्य,’ असं कुणीतरी शेजारच्याला सांगतं. ज्यांनी दुबई पाहिली नाही त्यांनी २००८ सालच्या ‘जोधा अकबर’मध्ये बादशहासमोर उंच टोप्या घालून गिरक्या घेणारे फकीर तरी पाहिलेले असतात.

दृश्यं दोन्ही देखणी, पण मूळ गोष्टीपासून दोन्ही बरीच लांबची. वाळवंटातला तो नाच म्हणजे इजिप्तचा तन्नुरा. तो सुफींकडूनच आला, पण आता त्याचं लोकनृत्य झालं आहे. आणि अकबर ज्यांच्या दर्ग्याला पायी गेला त्या अजमेरच्या चिश्ती परंपरेची उपासना कव्वालीची, गिरक्यांची नव्हे. पांढऱ्या झग्यातल्या त्या शांत गिरकीचं माहेर आहे तुर्कस्तानातलं कोन्या शहर. तिथली जाणती माणसं तिला नाच म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे ‘सेमा’. आपल्याकडे सुफी संगीताच्या मैफलीला ‘समा’ म्हणतात, तोच हा अरबी शब्द. अर्थ आहे ‘ऐकणं’. पाहणारा गिरकी पाहतो. घेणारा मात्र काहीतरी ऐकत असतो, असा त्याचा भाव.

सोनाराच्या पेढीसमोर

कोन्या हे अंकाराच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवरचं, पठारावरचं गाव. तेराव्या शतकात ते सेल्जुक सुलतानांची राजधानी होतं. मध्य आशियातून निघालेलं एका विद्वान धर्मपंडिताचं कुटुंब मजल दरमजल करत इथे येऊन स्थिरावलं. त्या पंडिताचा मुलगा म्हणजे १२०७ साली जन्मलेला जलालुद्दीन. रूम म्हणजे अनातोलियाचा प्रदेश. तिथे राहिला म्हणून जग त्याला रूमी म्हणतं. तुर्की माणूस मात्र आदराने ‘मेवलाना’ म्हणतो, म्हणजे आपला ‘मौलाना’. त्यावरूनच पंथाचं नाव पडलं मेवलेवी.

वडिलांच्या पश्चात जलालुद्दीन मदरशात शिकवू लागले. शिष्यांचा गोतावळा होता, गावात मान होता. सगळं सुरळीत चाललं असताना १२४४च्या नोव्हेंबरात शम्स तब्रिझी नावाचा एक भटका दर्वेश कोन्यात आला आणि या प्राध्यापकाचं आयुष्य उलटंपालटं झालं. दोघं तासन् तास एकत्र बसत. शिष्य नाराज झाले, मत्सर वाढला. शम्स एकदा निघून गेला, समजूत काढून त्याला परत आणलं, आणि मग एके दिवशी तो कायमचा नाहीसा झाला. त्याचा खून झाला असं काही जण म्हणतात. खरं काय ते आजवर कळलेलं नाही. या ताटातुटीतून मौलानांची कविता वाहू लागली आणि समाही त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला.

कोन्यात एक आख्यायिका फार आवडीने सांगतात. मौलाना सोनारांच्या बाजारातून चालले होते. सलाहुद्दीन नावाच्या सोनाराच्या पेढीत सोन्याचे वर्ख ठोकण्याचं काम चालू होतं. हातोड्यांच्या त्या ठेक्यात त्यांना ईश्वराचं नाव ऐकू आलं आणि ते भर रस्त्यात गिरक्या घेऊ लागले. सलाहुद्दीनने कारागिरांना सांगितलं, वर्ख फाटले तरी चालतील, ठोकणं थांबवू नका. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, सलाहुद्दीन मात्र खरा. हा फारसा न शिकलेला सोनार पुढे मौलानांचा जिवलग सोबती झाला आणि त्याची मुलगी फातिमा मौलानांची सून झाली. मुलगा आणि सून यांच्यात कुरबूर झाली तेव्हा सासऱ्याने सुनेची बाजू घेऊन लिहिलेली पत्रं आजही उपलब्ध आहेत.

१७ डिसेंबर १२७३ रोजी मौलाना वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत मुसलमानांबरोबर गावातले ख्रिस्ती आणि यहुदीही होते. कोन्यात ही तिथी शोकाची मानत नाहीत. तिचं नाव आहे ‘शब-ए-अरूस’, लग्नाची रात्र. प्रियकराची आणि प्रियतमाची, म्हणजे भक्ताची आणि ईश्वराची भेट त्या रात्री झाली. आपल्याकडे दर्ग्यांवर भरणारा ‘उर्स’ही त्याच अरबी शब्दकुळातला आणि त्याच कल्पनेतला.

कफन, कबर आणि थडगं

मौलानांच्या गिरक्या उत्स्फूर्त होत्या. त्यांना शिस्त लावली मुलगा सुलतान वलद याने आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी. पंधराव्या शतकापर्यंत सेमाचा विधी बराचसा आजच्यासारखा ठरून गेला होता. पंथ पसरला, उस्मानी साम्राज्यात त्याला राजाश्रय मिळाला. सुलतान तिसरा सलीम तर स्वतः मेवलेवी होता आणि त्याने सेमासाठी संगीतरचनाही केली.

विधी पाहायला बसलं की आधी जाणवतो तो संथपणा. अर्धा तास उलटतो तरी एकही गिरकी होत नाही. काळे डगले पांघरलेले दर्वेश एका ओळीने येऊन बसतात. लाल रंगवलेल्या मेंढीच्या कातड्यावर शेख बसतो. ते आसन म्हणजे मौलानांची जागा. प्रेषितांची स्तुती गायली जाते. मग कुदूम वाजतो. आपल्या संबळासारखी ही छोट्या नगाऱ्यांची जोडी. त्यानंतर ‘ने’ नावाची बोरूची बासरी एकटीच सूर धरते. मग सगळे उठतात, एकमेकांना वाकून अभिवादन करत दालनाला तीन फेऱ्या घालतात आणि डगले खाली टाकतात.

या वेषातली एकही गोष्ट निव्वळ शोभेची नाही. काळा डगला म्हणजे कबर. आतला पांढरा झगा म्हणजे कफन. डोक्यावरची उंटाच्या लोकरीची उंच तपकिरी टोपी म्हणजे ‘मी’पणाच्या थडग्यावरचा दगड. डगला टाकला की माणूस कबरीतून उठला. हात छातीशी दुमडून, दोन्ही खांद्यांवर ठेवून तो उभा राहतो. ती ‘एक’ आकड्याची आकृती, ईश्वर एकच असल्याची साक्ष. शेखची अनुज्ञा घेऊन तो फिरू लागतो आणि हात हळूहळू उमलतात. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. वरून घ्यायचं आणि खाली देऊन टाकायचं. स्वतःपाशी काही ठेवायचं नाही.

फिरणं डावीकडे, हृदयाच्या बाजूने. डाव्या पायाला म्हणतात खांब, उजव्याला चाक. खांब जमीन सोडत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीला मनात ‘अल्लाह’. असे चार भाग होतात, त्यांना ‘सलाम’ म्हणतात. चौथ्यात स्वतः शेखही डगला न काढता संथपणे फिरतो. हा चौथा सलाम परतण्याचा मानतात: तंद्रीत हरवून जाण्यासाठी हे सगळं नाही, पुन्हा माणसांत येऊन सेवा करण्यासाठी आहे. शेवटी कुराणपठण, प्रार्थना, आणि सगळे पुन्हा काळे डगले पांघरतात.

यांना चक्कर कशी येत नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण फिरू लागलो की तो मागे राहतो आणि मेंदूला फिरण्याची खबर जाते. पण वेग एकसारखा राहिला की काही वेळात द्रवही बरोबरीने फिरू लागतो आणि ती खबर थांबते. गडबड होते ती वेग बदलताना. म्हणून दर्वेशाचा वेग सुरुवातीचं काही अंतर सोडलं तर बदलत नाही. डोकं किंचित कललेलं असतं आणि नजर कशावरही रोखलेली नसते. बाकीचं काम वर्षांच्या सरावाचं. झग्याच्या घेरावर उठणाऱ्या त्या लाटांचंही कोडं तीन पदार्थवैज्ञानिकांनी घातलं आणि सोडवलं. त्यांचा निबंध २०१३ साली ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून आला. पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्यांना वळवणारं कोरिऑलिस बलच त्या कापडाला लाटा देतं, असं त्यांनी गणिताने दाखवलं.

शिक्षणाची सुरुवात स्वयंपाकघरातून

पण या पंथाची खरी शाळा सेमाचं दालन नव्हतीच. ती होती मुदपाकखाना. दर्वेश होऊ इच्छिणारा तरुण आला की त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी एका कातड्यावर तीन दिवस बसवून ठेवत. काही करायचं नाही, काही विचारायचं नाही, फक्त पाहायचं. इथलं आयुष्य झेपेल का, हे त्यानेच ठरवायचं. मग अठरा दिवस अंगावरच्याच कपड्यांत पडेल ते काम. त्यात टिकला तर एक हजार एक दिवसांची सेवा सुरू. झाडलोट, पाणी भरणं, भांडी घासणं, बाजारहाट, संडास साफ करणं. नियम मोडला तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि एखादा अगदीच नालायक ठरला तर त्याला कुणी बोलत नसे. त्याने काढून ठेवलेले जोडे कुणीतरी टोकं दाराबाहेर करून ठेवी. ते पाहिलं की समजून निघून जायचं. आपल्याकडे घरी ठिय्या देऊन बसलेल्या पाहुण्यांसाठी ही पद्धत उचलायला हरकत नाही!

या सेवेच्या काळातच गिरकी शिकवली जाई. साधन एकच: लाकडी फळी आणि तिच्या मधोमध ठोकलेला गुळगुळीत डोक्याचा खिळा. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात खिळा धरायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं. फळीवर मीठ टाकत, पाय सरकावा म्हणून. कातडी सोलून निघे. तरी खांब जागेवरून हलता कामा नये.

स्वयंपाकघराला एवढा मान की मौलानांच्या आचाऱ्याची, आतेशबाझ वली यांची, कोन्यात स्वतंत्र समाधी आहे. आचाऱ्याची अशी समाधी जगात फार ठिकाणी नसेल. तिथे जाणारी माणसं चिमूटभर मीठ घरी घेऊन येतात, चुलीला बरकत यावी म्हणून.

दाराला कुलूप

सेमावर बंदी येण्याची पहिली वेळ १६६६ सालची. कर्मठ धर्मोपदेशकांच्या आग्रहावरून ती घातली गेली आणि १६८४पर्यंत टिकली. दुसरी बंदी मात्र उलट बाजूने आली. केमाल आतातुर्क यांच्या नव्या प्रजासत्ताकाने ३० नोव्हेंबर १९२५ रोजी ६७७ क्रमांकाचा कायदा केला. सगळे सुफी मठ बंद. शेख, दर्वेश, चेलेबी या पदव्या बेकायदा. भंग केला तर किमान तीन महिने कैद. कोन्याचा मठ १९२७मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. मौलानांची कबर जिथे आहे ती हिरव्या घुमटाची वास्तू आता प्रदर्शनीय वस्तू झाली. ज्यांनी आयुष्याची हजार दिवसांची सेवा तिथे घातली होती, त्यांनी पांढरा झगा घडी करून ठेवला. कुणी नोकरी धरली. कुणी घरातल्या घरात, दारं लावून, बासरी आणि कुदूमच्या चाली पुढच्या पिढीला शिकवल्या. त्या शिकवल्या नसत्या तर आज कोन्यात वाजतं त्यातलं फारसं काही उरलं नसतं.

१९५३ साली कोन्यात मौलानांच्या पुण्यतिथीला पुन्हा सेमा करायला परवानगी मिळाली, पण सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून, उपासना म्हणून नव्हे. म्हाताऱ्या दर्वेशांपुढचा पेच विचार करण्यासारखा आहे. नमाजाइतकीच पवित्र मानलेली गोष्ट प्रेक्षकांसमोर ‘सादर’ करायची. न करावी तर ती आपल्याबरोबरच मातीत जाणार. त्यांनी सादर करायचं ठरवलं. ओठ हलत नव्हते, मनातल्या मनात नाव घ्यायला कायदा आड येत नव्हता.

पुढे परदेश दौरे सुरू झाले. कोन्याचा डिसेंबर महोत्सव मोठा होत गेला. २००४पासून त्यासाठी स्वतंत्र भव्य संकुल आहे. २००५ साली युनेस्कोने सेमाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं आणि २००८ साली तो वारसायादीत आला. त्याच युनेस्कोच्या नोंदीत तक्रारही आहे: पर्यटकांसाठी विधी छाटून, सोपा करून विकला जातो. इस्तंबूलच्या काही हॉटेलांत कबाबबरोबर दहा मिनिटांचा दर्वेश मिळतो. १९२५चा कायदा मात्र आजही रद्द झालेला नाही. जगाने गौरवलेला विधी त्याच्या घरी अजून कागदोपत्री कार्यक्रमच आहे.

बायकांचं स्थानही असंच गुंतागुंतीचं. सुरुवातीच्या काळात मौलानांच्या शिष्यांत स्त्रिया होत्या, काही जणी तर गुरुपदीही पोचल्या. नंतर त्यांची रवानगी जाळीमागच्या सज्ज्यात झाली. अलीकडे इस्तंबूलमधले काही गट स्त्री-पुरुषांना एकाच दालनात फिरू देतात. जुन्या मंडळींना ते रुचत नाही. पुण्यात ओशोंच्या आश्रमात गिरक्यांचं ध्यान शिकवलं गेलं तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नाही. पण तिथे टोपी, झगा, शेख, कुराणपठण यांपैकी काहीच नव्हतं. त्याला सेमा म्हणावं का, हा वेगळा वाद.

मठ बंद असल्यामुळे हजार दिवसांची सेवा आता कुणाला करता येत नाही. कोन्या आणि इस्तंबूलमध्ये आज शिकणारी मुलं दिवसा कॉलेजात किंवा नोकरीवर असतात. संध्याकाळी ती येतात, बूट काढतात, मोजा काढतात. समोर फळी असते. कुणीतरी तिच्यावर मूठभर मीठ भुरभुरवतं आणि मुलगा डाव्या पायाच्या बेचक्यात खिळा धरून उभा राहतो.