२१ दिवसांचा हट्ट सोडा

स्वतःकडे जरा नीट पाहावं, जगण्यात पुन्हा जीव यावा असं अनेकांना मनापासून वाटतं. पण पहिल्याच पायरीवर ऐकीव गोष्टी आडव्या येतात.

‘कोणतीही सवय २१ दिवसांत लागते’ ही त्यातली सर्वांत पसरलेली. तिचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगोवांगी त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी २००९मध्ये ९६ जणांचा अभ्यास मांडला. कुणी जेवणासोबत फळ खायचं ठरवलं होतं, कुणी जेवणाआधी पळायचं. सवय अंगवळणी पडण्याचा काळ निघाला १८ ते २५४ दिवस; मधला आकडा ६६. मला मोलाचा वाटतो तो त्यांचा दुसरा निष्कर्ष: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही. बाविसाव्या दिवशी ‘माझ्याच्यानं होणार नाही’ म्हणत रोज लिहायला घेतलेली वही मिटणाऱ्या प्रत्येकाला हे वेळेत कळायला हवं.

दुसरा गैरसमज जास्त छळतो. आत्मपरीक्षण म्हणजे ‘मी अशी का?’ हे स्वतःला विचारत राहणं, असं समजलं जातं. तेच ते उगाळत बसल्यानं उदासी लांबते, हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांच्या संशोधनातून पुढे आलं. ‘मी इतकी चिडकी का झालेय?’ असं लिहिलं की वहीचं पान आरोपपत्र होतं. ‘दुपारी जाऊबाईंचा फोन आला, खांदे ताठले, आवाज चढला, त्यांनी आईच्या तब्येतीचं विचारलंच नाही, ते लागलं’ असं लिहिलं, तर हाती काहीतरी लागतं.

लिहायचं तरी किती? जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थी चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहीत होते. मनाला लागलेला प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. मात्र लिहून झाल्याझाल्या त्यांना जडच वाटत होतं. म्हणून सुरुवातीला रडू आलं तर घाबरू नका, आणि अगदी ताज्या जखमेला पहिल्याच दिवशी हात घालू नका.

‘आधी मूड येऊ दे, मग करू’ हेही उलटं आहे. बऱ्याचदा कृती आधी होते आणि उत्साह मागून येतो. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीचा तोच पाया आहे. माळ्यावरची पेटी खाली काढा, एखादा अलंकार वाजवा. भाजीला लांबच्या रस्त्यानं जा.

वहीनं सगळंच बरं होतं असं मात्र नाही. दोन आठवडे मन उठतच नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मोफत सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.